दोघांनी खोडायचा 'बे'

मित्रांनो, त्या बटणांच्या डबीत जरा वाकून बघा. लाल बटणाच्या शेजारी जो गुलाबी तुकडा दिसतो आहे, ते बटण नाही. मी एक जुना खोडरबर आहे. करंगळीच्या नखाएवढाच उरलो आहे, म्हणून कोणी मला खडूचा कपचा समजते, तर कोणी आणखी काही. एका लहानग्याने तर मला गोळी समजून तोंडातच टाकले होते. माझी चव यथातथाच आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलायला शिल्लक राहिलो.

मी नेहमीच असा नव्हतो. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे रबराचा गोळा कणकेसारखा तिंबतात, लाटतात, भाजतात आणि मग त्याचे सारखे तुकडे करतात. मी दोन रंगांचा होतो. अर्धा गुलाबी, अर्धा निळा. गुलाबी भाग पेन्सिलीसाठी आणि निळा भाग शाईसाठी, असे माझ्या कागदी झग्यावर छापलेले होते. निळ्याला त्याचा भारी तोरा. "पेन्सिल काय, कोणीही खोडेल. शाई खोडायला छाती लागते," असे तो दुकानाच्या बरणीत सगळ्यांना ऐकवायचा. आम्ही एकाच अंगाचे असल्यामुळे मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागे.

एके दिवशी एक गृहस्थ घाईघाईने दुकानात आले. गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल, कॉलरला दोन टाचण्या. "शाई खोडणारा रबर आहे का हो?" त्यांनी विचारले. निळा बरणीत नुसता फुलून गेला.

ते आमचे मास्तर. शाळेतले नव्हेत बरे का! ते शिंपी. शिंप्याला मास्तर म्हणतात, तसे मास्तर. पण दर शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून ते वाचनालयाच्या माडीवर जात आणि मुलामुलींचा एक गट चालवत. बारा ते सोळा वर्षांची वीस-बावीस मुले होती. ती वाचनालयाची फाटकी पुस्तके चिकटवत, टेकडीवर फिरायला जात, नाटुकली बसवत, कडाकडा भांडत आणि घरी जाईपर्यंत पुन्हा गोड होत. सहा ते नऊ वर्षांच्या पिल्लांचा एक छोटा गटही होता. त्याला सांभाळायला दर वर्षी मोठ्या गटातून एक दादा किंवा एक ताई निवडत. त्या निवडीची सगळे वर्षभर वाट बघत असत.

गटप्रमुखाला एक काम फार अवघड असते. प्रत्येक मूल माणूस म्हणून किती वाढले, हे त्याने लिहून ठेवायचे असते. मास्तरांकडे त्यासाठी निळ्या पुठ्ठ्याची जाड वही होती, आणि तिच्यात एकेका मुलाला एकेक पान. असे गट गावोगावी चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य कार्यालयाकडून वर्षातून एकदा छापील तक्ते येत. त्यांत शेवटचा रकाना असे, 'स्वभाव एका शब्दात लिहावा.' तो रकाना बघितला की मास्तरांचे डोके फिरत असे. "एका शब्दात मला पँटचं माप सांगता येत नाही," ते म्हणत, "आणि हे म्हणतात पोराचा स्वभाव सांगा!"

पण लिहावे तर लागेच. आणि त्या लिहिण्यानेच मला त्यांच्या घरी आणले.

झाले होते असे. गटात एक मुलगा होता. सगळे त्याला वकील म्हणत. कोणत्याही गोष्टीवर तो तावातावाने, ओरडून ओरडून बोले. मास्तरांनी त्याच्या पानावर शाईने लिहिले, 'भांडकुदळ.' तोच शब्द तक्त्यावर गेला, आणि कार्यालयाने पालकांच्या सभेत तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर वकील गटात यायचाच बंद झाला. चार महिन्यांनी त्याची आई बाह्या आखूड करून घ्यायला दुकानात आली आणि बोलता बोलता म्हणाली, "त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हो, मास्तर. आम्हालाच आत्ता डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. म्हणून तो असा ओरडून बोलायचा."

मास्तरांची कात्री हातातल्या हातात थांबली. बाई गेल्यावर ते तडक उठले आणि मला घेऊन आले.

निळ्याला कामाला लावण्यात आले. त्याने घासले, खरवडले, सगळी छाती लावली. शब्द गेला, पण कागदही गेला. पानाला चांगले बोटभर भोक पडले. मास्तर त्या भोकातून पलीकडच्या पानाकडे बघत बसून राहिले. मग त्यांनी मोठी कात्री उचलली आणि कचकन निळा भाग कापून टाकला. मी अर्धा झालो. खोटे कशाला बोलू, मला दुःख थोडे झाले आणि सुटका जास्त वाटली.

भोकावर मास्तरांनी चौकड्याच्या कापडाचे ठिगळ चिकटवले आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले, 'मुद्दा सोडत नाही. याच्या उजव्या बाजूला बसून बोलावे.' मग स्वतः जाऊन वकिलाला घरून घेऊन आले. त्या दिवसापासून वहीत शाई बंद झाली. "पक्की शिलाई मारण्याआधी आपण कच्चा दोरा घालतो की नाही?" ते काकूंना म्हणाले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या दुकानात काजे-बटणे करीत. "ही पोरं अजून कच्च्या दोऱ्यावर आहेत. मी आपला मशीन चालवून मोकळा झालो."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं होय?" काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या ऐन उमेदीची. मी मास्तरांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पेन्सिलीबरोबर राहत असे. तिचे टोक मला सारखे टोचायचे, पण शेजार म्हटला की एवढे चालायचेच. दर शनिवारी गट सुटला की मास्तर वही उघडत, एकेक पान वाचत आणि विचारात पडत. एखादे पान वाचून हसत. मग मला बाहेर काढत.

किती शब्द मी पोटात घातले म्हणून सांगू! 'घाबरट' खोडला, कारण तो मुलगा टेकडीवर सगळ्यांच्या मागून आला खरा, पण येताना पाय मुरगळलेल्या मुलीला आधार देत आला होता. 'चोंबडी' खोडला, कारण तिला सगळ्यांच्या घरची खबर असे, म्हणूनच आजारी मुलाकडे पहिली तीच पोहोचली. कधी कधी चांगले शब्दही खोडावे लागत. 'अतिशय नम्र' असा एक शेरा होता. तो मुलगा मास्तरांसमोर नम्र आणि छोट्यांना मात्र टपल्या मारी. ते खोडताना मास्तरांनी मला जरा जास्तच जोरात दाबले.

या सगळ्यात मी झिजत होतो. पण झिजण्याचा मला अभिमान होता. मुले मला 'मास्तरांचा रबर' म्हणून ओळखत. कोणी हातात घेऊन पाही, कोणी वास घेई. वकील तर मला चिमटीत धरून म्हणायचा, "हा आपला जामीन." मी मनातल्या मनात ताठ होत असे.

आणि मग भोवरा आली.

भोवरा हे तिचे टोपणनाव. पंधरा वर्षांची मुलगी, पण एका जागी उभी म्हणून राहायची नाही. ती खोलीत शिरली की दोन खुर्च्या आपोआप पडत. छत्री विसरणार, डबा विसरणार, एकदा तर स्वतःची सायकल वाचनालयाबाहेर विसरून चालत घरी गेली. पण मन सोन्यासारखे. छोट्या गटातली पिल्ले तिच्या अंगाखांद्यावर खेळत. ती स्वतः सात वर्षांची असताना त्याच छोट्या गटात होती, आणि तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. आपण एकदा तरी छोट्या गटाची ताई व्हायचे.

त्या वर्षी निवडीला तीन महिने उरले असताना एका शनिवारी मास्तरांना दवाखान्यातल्या सगळ्या परिचारिकांच्या गणवेशाची मापे घ्यायला जावे लागले. त्यांनी माडीची किल्ली भोवऱ्याच्या हातात दिली. "चार वाजता उघड. छोटे वेळेआधीच येतात. लक्षात राहील ना?"

"म्हणजे काय, मास्तर! राहील ना!" ती म्हणाली.

किल्ली खिशात घालून ती मैदानावर गेली, खेळात रमली आणि विसरली. सतरा लहान मुले जिन्यात बसून राहिली. खाली वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी, म्हणून ग्रंथपाल दर पाच मिनिटांनी येऊन ओठांवर बोट ठेवून जात. शेवटी त्यांनाच दया आली आणि त्यांनी जुनी मासिके वाटली. मुंगी नावाची सहा वर्षांची चिमुरडी मात्र मासिकावर पडून मुसमुसत राहिली. आपली आई आता कधीच न्यायला येणार नाही, अशी तिची खात्री झाली होती. साडेपाचला भोवरा धापा टाकत आली, मुलांकडे बघून तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "अरेच्चा! मी विसरलेच की!" आणि हसली.

ग्रंथपालांनी हे सगळे मास्तरांना सांगितले. विसरण्यापेक्षा ते हसणे मास्तरांना जास्त लागले. त्यांनी भोवऱ्याच्या पानावर नवी ओळ सुरू केली आणि लिहिले, 'बेजबाबदार.' माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. आणि मला विचाराल तर, त्या दिवशी तो शब्द बरोबरच होता.

मंगळवारी भोवरा आपल्या बाबांची दुरुस्तीला टाकलेली पँट न्यायला दुकानात आली. मास्तर आत इस्त्री करत होते. काकू बाहेर गेल्या होत्या. कापड कापायच्या टेबलावर वही उघडी पडलेली होती, पान नेमके तिचेच, आणि वहीवर वजन म्हणून ठेवलेला मी.

तिने तो शब्द वाचला. एवढी अखंड फिरणारी मुलगी, पण त्या क्षणी अगदी स्थिर उभी राहिली. मग तिने एकदा आतल्या दाराकडे बघितले आणि मला उचलले.

मित्रांनो, खोडरबराला नाही म्हणता येत नाही. तिने सगळा शब्द खोडला नाही. नुसता पहिला 'बे' खोडला. उरले 'जबाबदार.' मग तिने फुंकर मारून माझे कण उडवले, मला जागेवर ठेवले आणि धूम ठोकली. पँट न्यायची तिला आठवणच राहिली नाही.

मास्तर बाहेर आले. खुंटीवर पँट होती, टेबलाच्या कडेला दोन-तीन गुलाबी कण होते आणि पानावर 'जबाबदार' होते. पण घाईघाईत तिने जे अक्षर खोडले, त्याच्या डोक्यावरची रेघ पुरती खोडली नव्हती. ती रेघ शब्दाच्या डावीकडे, उसवलेल्या शिवणीतला दोरा लोंबावा तशी, उगाच बाहेर आली होती. शिंप्याच्या नजरेतून लोंबता दोरा सुटेल होय?

मला वाटले, आता खैर नाही. काकू परत आल्यावर मास्तरांनी त्यांना पान दाखवले. काकूंनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई! मग लिहा ना परत 'बे'. पेन्सिल आहे की कानावर."

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "तिनं स्वतःच स्वतःचं माप घेतलंय. अंगाला बसतंय का ते बघू."

"आणि नाही बसलं तर?"

"तर तीच येईल सांगायला, की घट्ट होतंय."

पुढचे तीन महिने मी खिशाच्या कडेवरून भोवऱ्याकडे बघत होतो. ती बदलली होती, पण तिच्यात आनंद नव्हता. दर शनिवारी अर्धा तास आधी येऊन ती जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसे. मुंगी रडली होती ती तीच पायरी. पहिल्याच शनिवारी तिने मुंगीला जवळ घेऊन म्हटले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं गं." मुंगीने थोडा विचार करून विचारले, "मग आज गोष्ट सांगशील?" त्यानंतर दर शनिवारी पाचव्या पायरीवर गोष्ट ठरलेली. ग्रंथपाल ओठांवर बोट ठेवायला येत आणि गोष्ट संपेपर्यंत तिथेच घुटमळत.

मास्तरांच्या नजरेला मात्र ती नजर देत नसे. मास्तरांनी खिशातून मला काढले की ती दुसऱ्या खोलीत निघून जाई. मला फार वाईट वाटायचे. मी तिच्या गुन्ह्यातला साथीदार होतो आणि मलाही कोणाला सांगता येत नव्हते.

निवडीचा शनिवार आला. मुख्य कार्यालयातल्या मॅडम तक्ते आणि शाईचे पेन घेऊन स्वतः माडीवर आल्या. दोन्ही गटांची मुले भिंतीला टेकून बसली. मॅडम वहीतून वाचायच्या आणि मास्तरांनी तक्त्यावर पेनने लिहायचे, असे ठरले. प्रत्येक मुलाच्या वेळी दोघांची थोडी हुज्जत होई आणि काम पुढे सरके. मग भोवऱ्याचे पान आले.

"'जबाबदार'," मॅडमनी वाचले. "वा! छोट्या गटाच्या ताईसाठी आणखी काय पाहिजे? लिहा मास्तर."

मास्तरांनी पेनचे टोपण काढले. मग चष्मा काढून पुसला. मग पुन्हा टोपण लावले आणि पुन्हा काढले. मला त्यांचा श्वास खिशातून जाणवत होता. ते वाट बघत होते, हे खोलीत फक्त मला माहीत होते.

"थांबा, मास्तर."

भोवरा उठून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तिथे 'बे' होता. मी खोडला. तुमच्या दुकानात, तुमच्याच रबरानं."

मुंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"म्हणजे वहीत खाडाखोड केली?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "मास्तर, मग हा शब्द रद्द. तिथे 'अप्रामाणिक' लिहा."

"मॅडम," मास्तर शांतपणे म्हणाले, "तिनं सांगितलं नसतं, तर तुम्ही तिला 'जबाबदार' लिहिणार होतात. खरं सांगितलं म्हणून 'अप्रामाणिक' लिहू? हा कुठला हिशेब?"

मॅडमनी समोरचे तक्ते उगाच नीट रचले. खरे तर त्यांनाही हसू येत होते, पण पदाला शोभणार नाही म्हणून त्यांनी ते गिळले.

मास्तर भोवऱ्याकडे वळले. "तुला माहीत होतं, आत्ता बोललीस तर ताई होता येणार नाही?"

"हो."

"मग का बोललीस?"

"मला तीन महिने तो शब्द टोचत होता, मास्तर. तुम्ही लिहिला असता ना, तर दर शनिवारी ही सगळी मला ताई म्हणाली असती आणि मला..." मग नाक ओढून ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून. वरची रेघ खोडायची राहिली होती. आणि बाबांची पँटही न्यायची राहिली होती."

सगळी खोली हसली. भोवराही रडता रडता हसली. मास्तरांनी कानावरची पेन्सिल तिच्या हातात दिली. "तुझं तूच लिही. खरं काय ते."

ती टेबलाशी वाकली आणि त्या लोंबत्या रेघेखाली तिने 'बे' लिहिला. जागा अगदी बेतशीर होती. शब्द पुन्हा पुरा झाला. तो वाईट शब्द होता, तरी तो लिहून तिने सोडलेला श्वास माझ्यापर्यंत पोहोचला, आणि मलाही हलके वाटले.

"पण तक्त्यावर मी काय लिहून घेऊ?" मॅडम म्हणाल्या. "शाईनं लिहायचंय. आणि एकच शब्द."

मास्तरांनी पेन टेकवले आणि लिहिले, 'वाढत्या मापाची.' लहान मुलांचे कपडे शिवायला टाकताना आया सांगतात ना, वाढत्या मापाचे शिवा म्हणून, तसे.

"हे दोन शब्द झाले, मास्तर."

"मग जोडून घेतो," असे म्हणून मास्तरांनी दोन्ही शब्दांच्या वरच्या रेघा एकमेकींना जोडून टाकल्या. शिंपीच तो!

त्या वर्षी छोट्या गटाचा दादा झाला दुसराच मुलगा. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती नसे, म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणत. भोवऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि मग पाचव्या पायरीवर बसून पोटभर रडून घेतले. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी माडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "ताई नाही, पण दर शनिवारी दार उघडायचं काम तुझं."

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. "आणि तो 'बे' कधी खोडायचा?"

"बेचा पाढा येतो ना? बे म्हणजे किती?"

"बे एके बे... दोन."

"मग दोघांनी मिळून खोडायचा. तू एकटीनं नाही, आणि मी एकट्यानंही नाही."

वर्षभर ती किल्ली तिने लाल फितीत ओवून गळ्यात घातली. एकाही शनिवारी दार उघडायला चाराच्या वर पाच मिनिटेही झाली नाहीत. तापाने फणफणली होती त्या शनिवारी तिचे बाबा किल्ली घेऊन पळत आले होते. त्यांनी तीच दुरुस्त केलेली पँट घातली होती.

वर्ष सरल्यावर ती दुकानात आली आणि वहीसमोर उभी राहिली. मास्तरांनी मला खिशातून काढले. पण तोवर मी इतका झिजलो होतो की दोघांची बोटे माझ्यावर मावेनात! तिने इकडून धरले, त्यांनी तिकडून धरले आणि मी सुळकन निसटून शिवणयंत्राखाली गेलो. मास्तर गुडघ्यांवर रांगू लागले. भोवऱ्याने चिंध्यांची टोपली उपडी केली. काकू सवयीने लोहचुंबक घेऊन आल्या. मित्रांनो, मला टाचणी समजल्या होत्या की काय! शेवटी मी पायपट्टीच्या फटीत सापडलो. मग तिने आपल्या बोटाच्या टोकाने मला कागदावर दाबून धरले आणि मास्तरांनी तिच्या नखावर आपले बोट ठेवले. असा तो 'बे' आम्ही तिघांनी खोडला. या वेळी वरची रेघही राहिली नाही.

त्या वर्षी भोवरा छोट्या गटाची ताई झाली. मास्तरांनी तिला एक कोरी वही दिली आणि मला या बटणांच्या डबीत घालून तिच्या स्वाधीन केले. नवे घर, नवा शेजार, आणि टोचणारी पेन्सिल नाही. मी म्हातारपणी सुखात पडलो.

पण पहिल्याच शनिवारी कसोटी आली. गट सुटायच्या वेळी खालून ग्रंथपालांची आरोळी ऐकू आली. स्वतःच शांततेची पाटी विसरून ते ओरडत होते. कोणीतरी सगळ्यांच्या चपला-बूट उचलून जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडले होते आणि ग्रंथपाल त्यांत अडखळून थोडक्यात वाचले होते. हे काम मुंगीचे होते. ती कबूलही करत होती. आता ती सात वर्षांची झाली होती आणि पुरती वांड.

भोवरा रागारागाने माडीवर आली, वही उघडली, मुंगीचे पान काढले आणि पेन्सिलीने लिहिले, 'बे'. पुढे 'शिस्त' येणार, हे मला दिसत होते. मी डबीत अंग सावरून कामाला तयार झालो.

पण पेन्सिल तिथेच थांबली. भोवरा त्या एकट्या अक्षराकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली, "मुंगे, इकडे ये गं जरा. त्या चपला अशा का मांडल्यास?"

मुंगी आली आणि एका दमात म्हणाली, "ताई, गट सुटला की खाली सगळी एकदम चपला शोधतात. ढकलाढकली होते. म्हणून मी पायरीपायरीवर ठेवल्या. सगळ्यात लहान पाय सगळ्यात खालच्या पायरीवर. म्हणजे घालताना पडलं तरी लागत नाही. ग्रंथपालकाका वर येतील हे राहूनच गेलं."

भोवरा उठून जिन्यापाशी गेली. खरेच होते. खालून वर, मापानुसार, जोडी चुकली नव्हती. ती परत येऊन बसली आणि हसू दाबत तिने 'बे'च्या पुढे एकच अक्षर लिहिले, 'त'. मग ओळ पुरी केली, 'बेत आखून काम करते. काकांचाही विचार करायला शिकते आहे.'

डबीचे झाकण लागले. त्या दिवशी माझा एक कणही झिजला नाही, मित्रांनो, आणि एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तुम्हीही कधी कोणाबद्दल लिहायला बसाल, तेव्हा पेन्सिल घ्या आणि अर्ध्या शब्दावर थांबून त्याला एकदा हाक मारा. मी आता थोडासाच उरलो आहे. मला जपून वापरा.